आरडीपी क्लायंट: प्रकल्प नोंदी, ३ फेब्रुवारी ते १४ मार्च

आरडीपी म्हणजे दूरच्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर वापरण्याचा प्रोटोकॉल. पुढच्या स्थिर आवृत्तीच्या शाखेत गेलेले बदल इथे तारखेनुसार आहेत. प्रोटोकॉलचा गाभा सी भाषेत, आपल्याच रिपॉझिटरीत आहे. टीएलएससाठी (जोडणीचे कूटलेखन) ओपनएसएसएल, एच.२६४ साठी (व्हिडिओ कोडेक) एफएफएमपेग, विंडो वेलँडवर (लिनक्सची नवी विंडो व्यवस्था). जुन्या एक्स११ चा बॅकएंड चालू ठेवला आहे, पण त्यात नवे काही घातले जात नाही.

३ फेब्रुवारी. विंडोचा आकार बदलताना सेशन काळे पडणे

विंडोचा कोपरा धरून ओढला की काही सेकंद काळा पडदा, कधी थेट डिस्कनेक्ट. ट्रेस पाहिला की कारण समोरच दिसते. कंपॉझिटरकडून (पडद्यावर विंडो मांडणारा प्रोग्राम) आलेल्या प्रत्येक कॉन्फिगर इव्हेंटला (विंडोच्या नव्या आकाराची सूचना) डिस्प्ले कंट्रोल चॅनेलवर एक मॉनिटर लेआउट (सर्व्हरकडे नव्या आकाराची मागणी) जात होता, आणि ओढण्याच्या एका हालचालीत असे डझनावारी इव्हेंट येतात. सर्व्हरला मात्र प्रत्येक लेआउटसाठी अख्खा डेस्कटॉप नव्याने मांडावा लागतो. ग्राफिक्स पाइपलाइन चालू असेल तर रीसेट ग्राफिक्स, नसेल तर डीअ‍ॅक्टिव्हेट-रीअ‍ॅक्टिव्हेटची पूर्ण फेरी. एक फेरी आटोपायच्या आत दुसरी मागितली की गोंधळ ठरलेला.

आता दोन अटी आहेत. शेवटच्या कॉन्फिगर इव्हेंटनंतर २०० मिलिसेकंद शांत गेले तरच लेआउट पाठवायचा. आणि आधीच्या लेआउटचा परिणाम, म्हणजे नवा आकार, सर्व्हरकडून येईपर्यंत पुढचा राखून ठेवायचा. राखून ठेवलेला एकच असतो, नवा आला की जुना टाकून द्यायचा. परिणाम आलाच नाही तर ५ सेकंदांनी कुलूप आपोआप उघडते, नाहीतर एखाद्या हट्टी सर्व्हरमुळे रिसाइझ कायमचे बंद पडेल.

याच पॅचमध्ये मोजमापांची चाळणी टाकली. रुंदी आणि उंची दोन्ही २०० ते ८१९२ पिक्सेलच्या आत हवी आणि रुंदी सम हवी, असे प्रोटोकॉल सांगतो. विषम रुंदी गेली तर सर्व्हर ती विनंती मानत नाही, आणि तसे कळवतही नाही. म्हणून रुंदीचा शेवटचा बिट शून्य केला जातो. उजवीकडे एक पिक्सेल उरतो तो काळा सोडला आहे. चित्र ताणून तो भरावा असा प्रस्ताव होता, पण १२५० पिक्सेलचे चित्र १२५१ वर ताणले की सगळी अक्षरे धूसर होतात. एका काळ्या रेषेपेक्षा ते फार वाईट.

चॅनेल उघडला की सर्व्हर आधी स्वतःच्या मर्यादा पाठवतो: जास्तीत जास्त किती मॉनिटर आणि एकूण किती क्षेत्रफळ. त्या हाती येण्यापूर्वी लेआउट पाठवायचा नाही, ही तपासणीही आता कोडमध्ये आहे.

४ फेब्रुवारी. अपूर्णांकी स्केलिंग

वेलँडचा फ्रॅक्शनल स्केल प्रोटोकॉल स्केल १२० व्या भागांत देतो: १५० म्हणजे १.२५, १८० म्हणजे १.५. आरडीपीकडे दोन वेगळी फील्ड आहेत. डेस्कटॉप स्केल १०० ते ५०० टक्क्यांमध्ये काहीही चालते. डिव्हाइस स्केलला मात्र १००, १४० किंवा १८० एवढ्याच किमती चालतात. आपण दोन्हीकडे १२५ भरत होतो. यातली खोच अशी की एक किंमत चुकली की सर्व्हर दोन्ही बाजूला टाकतो आणि १०० टक्क्यांनी चालतो. वापरणाऱ्याला दिसते एवढेच की मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर अक्षरे बारीक आली. आता डेस्कटॉप स्केल खरे जाते आणि डिव्हाइस स्केल कायम १००.

बफरचा आकार काढताना गुणाकार झाल्यावर एकदाच पूर्णांक करायचा. १००१ लॉजिकल पिक्सेल (स्केल लावण्यापूर्वीचे), स्केल १५०: येते १२५१.२५, बफर १२५१, सर्व्हरला जाणारी रुंदी १२५०. जुना कोड आधी स्केलचा पूर्णांक करायचा, त्यामुळे १.२५ चे १ व्हायचे आणि पडदा कंपॉझिटर ताणायचा. व्ह्यूपोर्टचा डेस्टिनेशन आकार (बफर पडद्यावर किती मोठा दिसावा तो) लॉजिकल पिक्सेलमध्ये, म्हणजे १००१ च द्यायचा.

पडद्याचा मिलिमीटरमधला आकार १० ते १०,००० च्या बाहेर असेल तर रुंदी-उंची दोन्ही शून्य पाठवतो. प्रोजेक्टर बहुधा शून्यच सांगतात.

७ फेब्रुवारी. ‘पासवर्ड चुकीचा’, पण पासवर्ड बरोबर

काही डिस्ट्रोंवर लॉगिन होत नाही आणि संदेश मात्र पासवर्ड चुकल्याचा येतो. एनटीएलएमला (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) एमडी४ (हॅश) आणि आरसी४ (सायफर) लागतात. ओपनएसएसएल ३ पासून हे दोन्ही लेगसी प्रोव्हायडरमध्ये (जुन्या अल्गोरिदमचे वेगळे मॉड्यूल) गेले. ते मॉड्यूल बसवलेले नसेल तर एमडी४ चा संदर्भच मिळत नाही. आपला कोड त्या अपयशाकडे न बघता पुढे जायचा, रिकाम्या बफरवरून उत्तर तयार व्हायचे आणि सर्व्हर ते साहजिकच नाकारायचा.

एमडी४ आणि आरसी४ ची छोटी अंतर्गत अंमलबजावणी आणली, बिल्डच्या पर्यायाने चालू करायची. फ्रीआरडीपी या मुक्त क्लायंटमध्येही असेच पर्याय आहेत, वाट मळलेली आहे. फिप्स (अमेरिकी सरकारी कूटलेखन मानक) बिल्डमध्ये हा पर्याय दिला तर बिल्ड थांबतो, कारण तिथे तो चोरवाटेने घालणे म्हणजे फिप्सचा हेतूच मोडणे. हॅश मिळाला नाही तर आता वेगळा एरर कोड येतो आणि संदेशात ‘लेगसी प्रोव्हायडर उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

खरी वाट करबेरॉस या लॉगिन पद्धतीची आहे. पण आयपी पत्ता देऊन जोडणी केली की सर्व्हरच्या सेवेचे नाव जुळवता येत नाही आणि गाडी एनटीएलएमवर घसरते. अशा वेळी लॉगमध्ये सूचना टाकली: होस्टचे पूर्ण नाव वापरा.

१० फेब्रुवारी. क्रेडएसएसपी

क्रेडएसएसपी म्हणजे लॉगिनची माहिती सर्व्हरला सुरक्षित पोचवणारा प्रोटोकॉल. त्याच्या आवृत्ती ५ च्या खालचे सर्व्हर आता मुळात नाकारले जातात. हवेच असेल तर सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. २०१८ च्या सीव्हीई-२०१८-०८८६ या सुरक्षा त्रुटीनंतर आवृत्ती ५ मध्ये क्लायंटकडून ३२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा) आला, आणि सर्व्हरची पब्लिक की थेट पाठवण्याऐवजी एक ठरावीक मजकूर, नॉन्स आणि की यांचा शा-२५६ हॅश जातो. त्या ठरावीक मजकुराची लांबी शेवटच्या शून्य बाइटसकट ३८ धरायची. सी भाषेतले स्ट्रलेन तो शून्य बाइट सोडून ३७ सांगते. नव्या युनिट टेस्टमध्ये हीच लांबी आधी तपासली जाते.

१४ फेब्रुवारी. एच.२६४ चे रंग

तक्रार: व्हिडिओ कोडेक चालू केला की गडद थीममधल्या रेषा दिसेनाशा होतात, फिकट करड्या पट्ट्या पांढऱ्यात विरतात. बाकी सगळे ठीक वाटते, म्हणून हा बग इतके दिवस टिकला.

आरडीपीतले एव्हीसी४२० (एच.२६४ चा एक प्रकार) चित्र बीटी.७०९ मॅट्रिक्सचे (रंग रूपांतराचे मानक) आणि पूर्ण रेंजचे असते: तेजाची किंमत ० ते २५५. एफएफएमपेगच्या रूपांतराला काही न सांगता साधे वाययूव्ही४२० (तेज आणि रंग वेगळे ठेवणारे स्वरूप) दिले की ते मर्यादित रेंज धरते, म्हणजे १६ ला काळा आणि २३५ ला पांढरा मानून मधला भाग ताणते. १६ च्या खालचे सगळे शून्यावर येते, २३५ च्या वरचे सगळे २५५ वर. ३० चे १६ होते, २२० चे २३८. मधला १२८ मात्र १३० होतो, म्हणून फोटो किंवा व्हिडिओ पाहून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात भर म्हणजे मॅट्रिक्स बीटी.६०१ चे लागत होते, त्याने लाल आणि हिरवा किंचित सरकतात.

दुरुस्ती तीन ओळींची: स्रोत पूर्ण रेंज, लक्ष्य पूर्ण रेंज, गुणक ७०९ चे. चाचणीसाठी ० ते २५५ ची करडी पट्टी दूरच्या डेस्कटॉपवर दाखवून क्लायंटकडचा पिक्सेल वाचायचा. २ पेक्षा जास्त फरक आला की टेस्ट नापास.

त्याच फाइलमधले आणखी तीन धागे सोडवले. एच.२६४ चे ब्लॉक १६ चे असल्याने १०८० ओळींचे चित्र १०८८ ओळींचे डिकोड होते. तळाच्या ८ ओळी आता सरफेसवर (क्लायंटकडचे चित्राचे बफर) जात नाहीत. दुसरे, प्रत्येक फ्रेमबरोबर आयतांची यादी येते आणि फक्त त्या आयतांमधलेच पिक्सेल ताजे असतात. पूर्ण फ्रेम कॉपी केली की शेजारी क्लिअरकोडेक या दुसऱ्या कोडेकने रंगवलेला स्वच्छ मजकूर जुन्या चित्राने झाकला जातो. टर्मिनलमध्ये मधूनच जुन्या ओळी ‘भूत’ होऊन परतायच्या, त्या यामुळे.

तिसरे एव्हीसी४४४ चे, म्हणजे पूर्ण रंगमाहितीच्या प्रकाराचे. त्यात दोन प्रवाह असतात, एक तेजासह मुख्य चित्राचा आणि दुसरा उरलेल्या रंगमाहितीचा. एका फ्रेममध्ये दोन्ही येतील, फक्त पहिला येईल किंवा फक्त दुसरा. फक्त दुसरा आला तर आधीचे मुख्य चित्र जपून ठेवलेले हवे. दोन्ही प्रवाह एकाच डिकोडरमधून क्रमाने गेले पाहिजेत. वेगवेगळे दोन डिकोडर उघडले की संदर्भ फ्रेम सापडत नाहीत आणि चित्र चौकोनाचौकोनांनी फुटते.

१८ फेब्रुवारी. फ्रेमची पोच कधी द्यायची

आतापर्यंत एंड फ्रेम (फ्रेम संपल्याचा संदेश) वाचली की लगेच पोच जायची, डिकोडिंग मात्र दुसऱ्या थ्रेडच्या रांगेत. सर्व्हर पोच पाहून पुढच्या फ्रेम सोडतो. पोच घाईने गेली की क्लायंट मोकळा आहे असे त्याला वाटते आणि तो ओतत राहतो. हळू मशीनवर रांग वाढते, मेमरी फुगते आणि माउस थांबला तरी विंडो मागून सरकत राहते. नेटवर्कला दोष दिला जातो, पण नेटवर्क अगदी रिकामे असते.

पोच आता डिकोड संपून सरफेस तयार झाल्यावर जाते. क्यू डेप्थच्या फील्डमध्ये प्रक्रिया व्हायची राहिलेल्या बाइटची संख्या भरतो. तिथे ० चा अर्थ ‘रांग रिकामी’ असा होत नाही, ‘माहिती उपलब्ध नाही’ असा होतो. त्यामुळे रांग रिकामी असताना १ पाठवतो.

पोच वेलँडच्या फ्रेम कॉलबॅकला (पुढचे चित्र काढण्याची सूचना) बांधायची कल्पना रिव्ह्यूमध्येच मोडीत काढली. विंडो झाकली गेली की कंपॉझिटर कॉलबॅक देणे थांबवतो, पोच थांबते, आणि सर्व्हरही वाट बघत बसतो. त्याऐवजी एक्सडीजी-शेलच्या (वेलँडचा विंडोंचा प्रोटोकॉल) ६ व्या आवृत्तीतली ‘सस्पेंडेड’ अवस्था आली की सप्रेस आउटपुट (चित्र पाठवू नका) पाठवतो आणि विंडो पुन्हा दिसू लागली की पूर्ण आयतासह चालू करतो. जुन्या कंपॉझिटरवर ही अवस्था मिळत नाही. तिथे झाकलेल्या विंडोचेही डिकोडिंग चालू राहते, इलाज नाही.

२० फेब्रुवारी. क्लिपबोर्ड

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या, आणि एकाच नावाखाली चार निरनिराळे बग निघाले.

पहिला, पिंगपाँग. दूर कॉपी केले की सर्व्हर फॉरमॅटची यादी पाठवतो. क्लायंट इथल्या क्लिपबोर्डची मालकी घेतो. मालकी बदलल्याचा इव्हेंट आपल्यालाच येतो. त्यावर आपण यादी परत पाठवतो. सर्व्हर समजतो की इकडे काहीतरी नवे कॉपी झाले. आता मालकी घेताना सोबत एक खासगी माइम प्रकार (डेटाच्या प्रकाराचे नाव) लावला जातो, आणि तो दिसला की इव्हेंट सोडून द्यायचा. वेळेवर आधारलेला जुना उपाय, म्हणजे अमुक मिलिसेकंदात आलेले दुर्लक्षित करा, काढून टाकला. पटापट दोनदा कॉपी केले की त्यात दुसरी कॉपी हरवायची.

दुसरा, ओळींचा शेवट. मजकूर युटीएफ-१६ लिटल एंडियनमध्ये, सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अक्षरे) ओळींनी आणि शेवटी शून्य लावून जातो. आधीच सीआर-एलएफ असलेल्या मजकुरात प्रत्येक एलएफमागे आणखी एक सीआर घुसायचा आणि चिकटवलेल्या कोडमध्ये एकाआड एक रिकामी ओळ यायची. आता मागचे अक्षर पाहूनच सीआर घातला जातो. बफरचे माप सर्वांत वाईट परिस्थितीचे धरायचे: युटीएफ-८ चा एक बाइट जर एलएफ असेल तर त्याचे ४ बाइट होतात, म्हणून एन बाइटसाठी ४एन + २. उलट दिशेने येणाऱ्या डेटाची लांबी विषम असेल तर तो नाकारायचा, आणि पहिले शून्य आले की मजकूर तिथे संपला. पुढे जे काही आहे ते सर्व्हरच्या बफरमधला कचरा.

तिसरा एचटीएमएलचा, आणि हा देवनागरीत काम करणाऱ्यांना रोज भोवत होता. नोंदणीकृत फॉरमॅटचा क्रमांक दोन्ही बाजूंना वेगळा असतो, तेव्हा जुळवणी नावानेच करायची. ते काम बरोबर होते. पण या फॉरमॅटच्या सुरुवातीला एक छोटा मथळा असतो. त्यात एचटीएमएल कुठे सुरू होते, कुठे संपते, निवडलेला तुकडा कुठून कुठपर्यंत, असे चार आकडे असतात, आणि ते बाइटमध्ये मोजायचे असतात. आपण अक्षरे मोजत होतो. इंग्रजी मजकुरात दोन्ही सारखेच येते. देवनागरीतल्या प्रत्येक कोडपॉइंटला (युनिकोडमधले एकेक चिन्ह) युटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, त्यामुळे ‘नमस्कार’ या शब्दाचे कोडपॉइंट ७ आणि बाइट २१. शंभर कोडपॉइंटचा परिच्छेद चिकटवला की शेवटचा दोन तृतीयांश भाग गायब. आकडे आता दहा अंकी, डावीकडे शून्ये भरून छापतो, म्हणजे आकडा मोठा झाला तरी मथळ्याची लांबी बदलत नाही आणि दोनदा मोजावे लागत नाही.

चौथा, मोठा डेटा. स्थिर चॅनेलवर माहिती १६०० बाइटच्या तुकड्यांत येते, पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यावर तशी खूण असते आणि प्रत्येकाच्या मथळ्यात एकूण लांबी असते. त्या लांबीवर विसंबून मेमरी घेत होतो. आता ६४ मेगाबाइटची मर्यादा आहे, सेटिंगने बदलता येते, आणि पुढच्या तुकड्यात वेगळी एकूण लांबी आली तर चॅनेलच बंद.

मधल्या बटनाने चिकटवायची प्रायमरी निवड मुद्दाम पाठवत नाही. नुसता मजकूर निवडला तरी तो दुसऱ्या मशीनला जावा, हे कोणाला नको असते.

२४ फेब्रुवारी. अडकलेल्या कळा

ऑल्ट-टॅबने बाहेर गेले की दूरच्या मशीनला ऑल्ट दाबलेलाच राहतो, कारण सोडल्याचा इव्हेंट दुसऱ्याच विंडोला मिळतो. कीबोर्ड लीव्ह (विंडोतून बाहेर पडल्याचा इव्हेंट) आला की दाबलेल्या सगळ्या कळा सोडल्याचे सर्व्हरला कळवायचे. परत आल्यावर सिंक्रोनाइझ इव्हेंट पाठवायचा, त्यात कॅप्स, नम आणि स्क्रोल लॉकची खरी स्थिती. एंटर इव्हेंटबरोबर त्या क्षणी दाबलेल्या कळांची यादीही येते. ती फक्त नोंदवून ठेवायची, पुढे पाठवायची नाही, नाहीतर ऑल्ट-टॅबने आत येतानाच दूर एक टॅब दाबला जातो.

वेलँड इव्हडेव्हचे (लिनक्स कर्नलचे) कळांचे कोड देते, एक्स११ त्यात ८ मिळवून देते. दोन बॅकएंडचे तक्ते वेगळे ठेवण्याचे कारण नव्हते. एकच ठेवला, एक्स११ मध्ये ८ वजा करून. पॉझच्या कळीला स्वतःचा साधा स्कॅनकोड (कळीचा क्रमांक) नाही, तिची मालिका वेगळ्या फ्लॅगने पाठवावी लागते. ती तक्त्याबाहेर हाताळली.

आयएमईने (टंकायला मदत करणारे साधन) तयार झालेला मजकूर स्कॅनकोडने पाठवता येत नाही, तो युनिकोड इव्हेंटने जातो. इमोजीसारखी अक्षरे युटीएफ-१६ मध्ये सरोगेट जोडीने बनतात, तिथे दोन इव्हेंट लागतात, त्याच क्रमाने. सर्व्हरच्या इनपुट क्षमतांमध्ये युनिकोडचा फ्लॅग नसेल तर हा मार्ग बंद. मग सर्व्हरवरच इनस्क्रिप्टसारखा लेआउट निवडायचा आणि स्कॅनकोडने टंकायचे.

२७ फेब्रुवारी. आवाजातली टकटक

काही जुन्या सर्व्हरवर आवाजात बारीक, एकसारखी टकटक. बफर कमी पडतो असे समजून लेटन्सी वाढवून पाहिली जाते, पण टकटक तशीच राहते.

याचे मूळ प्रोटोकॉलच्या एका विचित्र रचनेत आहे. आवाजाचा प्रत्येक ठोकळा दोन पीडीयूंत (प्रोटोकॉलचे संदेश) येतो. पहिल्या वेव्ह इन्फोमध्ये वेळ, फॉरमॅट आणि ठोकळ्याचा क्रमांक असतो, आणि शेवटी आवाजाचे पहिले ४ बाइट. दुसऱ्याला मथळाच नसतो. तो ४ बाइटच्या भरावाने सुरू होतो आणि त्या भरावाच्या जागी पहिल्यातले ४ बाइट बसवायचे असतात. लांबी काढताना वेव्ह इन्फोच्या मथळ्यातल्या आकड्यातून ८ वजा करायचे. आपला कोड भराव तसाच वाजवत होता. १६ बिट स्टीरिओमध्ये ४ बाइट म्हणजे नेमका एक नमुना, म्हणजे दर ठोकळ्याच्या तोंडाशी एक शून्य नमुना. शांत संगीतात ऐकू येतो, बोलण्यात नाही.

नवे सर्व्हर वेव्ह२ हा संदेश वापरतात. त्यात हा प्रकार नाही, म्हणून आपल्या चाचणी सर्व्हरवर कधी काही वाजले नाही. आता जुन्या पद्धतीचा रेकॉर्ड केलेला प्रवाह टेस्टमध्ये आहे.

जाता जाता: ठोकळ्याच्या पोचपावतीतला वेळ १६ बिटचा आहे, ६५,५३६ मिलिसेकंदांनी फिरून शून्य होतो. वजाबाकी १६ बिटमध्येच करायची.

३ मार्च. ड्राइव्ह शेअरिंगमधला मार्ग

दूरच्या मशीनने पाठवलेल्या मार्गात ‘..’ घालून शेअर केलेल्या फोल्डरबाहेर पडता येते का, ही तपासणी सुरुवातीच्या अक्षरांच्या तुलनेवर होती. ती दोन प्रकारे फसते. शेअर ‘काम’ असेल तर ‘काम-खासगी’ हे शेजारचे फोल्डरही त्याच अक्षरांनी सुरू होते. आणि तपासणी ते उघडणे यांच्या मधल्या क्षणात सिमलिंक (दुसऱ्या मार्गाकडे नेणारा दुवा) बदलता येतो. फ्रीआरडीपीत मार्ग न तपासण्याची अशीच त्रुटी सीव्हीई-२०२२-३९३४७ म्हणून नोंदली गेली आणि २.९.० मध्ये दुरुस्त झाली. या चॅनेलकडे संशयानेच पाहिले पाहिजे. दूरचे मशीन आपले असले तरी त्यावर आत्ता कोण बसले आहे ते माहीत नसते.

आता शेअरच्या फोल्डरचा डिस्क्रिप्टर धरून ओपनअ‍ॅट२ या सिस्टम कॉलने ‘आतच राहा’ या फ्लॅगसह उघडतो, लिनक्स ५.६ पासून ही सोय आहे. बाहेर जाणारा मार्ग असेल तर कर्नलच ईएक्सडेव्ह हा एरर देते. ईअगेन (पुन्हा करा) आला तर पुन्हा प्रयत्न, पण मर्यादित वेळा. जुन्या कर्नलवर ईनोसिस (असा कॉल नाही) येतो, तर काही कंटेनरांमध्ये सेककॉम्पमुळे (सिस्टम कॉलवरचे निर्बंध) ईपर्म (परवानगी नाही). दोन्ही वेळा मार्गाचा एकेक घटक सिमलिंक न मानता उघडत जायचे. नाव बदलताना दोन्ही टोकांचे पालक फोल्डर असेच मिळवायचे. हे राहून गेले की वाचण्याला कुलूप आणि नाव बदलायला दार उघडे.

या फ्लॅगबरोबर पूर्ण मार्गाचे सिमलिंक आतलेच असले तरी नाकारले जातात. काही जणांची मांडणी यामुळे मोडेल. बदलांच्या यादीत ठळक लिहायचे.

५ मार्च. तुटलेली जोडणी ओळखणे आणि पुन्हा जोडणे

वायफाय गेले की क्लायंट गोठलेले चित्र दाखवत बसायचा. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का याची चाचणी) मुळात ७२०० सेकंदांनी सुरू होते. ते ३० सेकंद, मग ५ सेकंदांच्या अंतराने ३ प्रयत्न असे केले. पण तेवढ्याने भागत नाही: वापरणाऱ्याने एक कळ दाबली की डेटा वाटेत अडकतो, आणि पोच न मिळालेला डेटा असताना कीपअलाइव्ह चालत नाही. पुनःप्रेषणाच्या मुळातल्या मर्यादेने सुमारे १५ मिनिटे जातात. म्हणून टीसीपी यूझर टाइमआउट ४५,००० मिलिसेकंद.

पुन्हा जोडताना सर्व्हरने दिलेली १६ बाइटची गुप्त माहिती वापरून एचमॅक-एमडी५ (त्या माहितीवरून काढलेला खातरजमेचा हॅश) पाठवायचा. टीएलएसवर क्लायंट रँडमच्या जागी ३२ शून्य बाइट. सर्व्हर मध्येच नवी माहिती पाठवतो, ती जुनीच्या जागी ठेवायला हवी. दोन प्रयत्नांमधले अंतर १, २, ४, ८ सेकंद असे वाढत ३० वर थांबते.

आणि सर्व्हरने जाण्याचे कारण सांगितले असेल तर ते वाचायचे. कारण ५ म्हणजे तेच सेशन दुसऱ्या जोडणीने घेतले. तिथे आपोआप जोडायचे नाही, नाहीतर दोन मशीनवरचे दोन क्लायंट एकमेकांना रात्रभर हुसकत राहतात.

७ मार्च. किरकोळ

कर्सर: ज्या पिक्सेलमध्ये अँड मास्क १ आणि एक्सऑर पांढरा असतो तिथे खालचा रंग उलटा करायचा असतो, पण वेलँडच्या कर्सरला तसे करता येत नाही. पारदर्शक धरले तर मजकुरातला उभा कर्सर गायबच होतो. एकाआड एक काळे-पांढरे पिक्सेल भरले. सुंदर नाही, पण कुठल्याही पार्श्वभूमीवर दिसते.

.आरडीपी फाइल: युटीएफ-१६ आणि युटीएफ-८ दोन्ही वाचते. ओळ पहिल्या दोनच कोलनांवर तोडायची, कारण पत्त्यातही पोर्टचा कोलन असतो. न ओळखलेल्या ओळी जतन करताना तशाच परत लिहितो. साठवलेला पासवर्ड विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या कीने बंद असतो, तो इकडे उघडत नाही. मुकाट्याने सोडण्याऐवजी आता तसे सांगतो.

११ मार्च. फझिंग

ग्राफिक्स, क्लिपबोर्ड आणि ड्राइव्हच्या पार्सरवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) फझर (मुद्दाम बिघडवलेला डेटा देऊन पाहणारे साधन) चालवला. सापडलेले बहुतेक सगळे एकाच जातीचे: शिल्लक बाइट न तपासता वाचणे. वाचण्याची सगळी फंक्शन्स आता अपयश परत करतात आणि ते न तपासल्यास कंपायलर ओरडतो.

एक वेगळा होता. सरफेसची मेमरी रुंदी × उंची × ४ अशी ३२ बिटमध्ये मोजली जायची. ३२,७६८ × ३२,७६८ × ४ म्हणजे नेमके २ चा ३२ वा घात, म्हणजे ३२ बिटमध्ये शून्य. शून्य बाइटची मेमरी घेणे ‘यशस्वी’ होते आणि पहिलाच पिक्सेल बाहेर पडतो. गुणाकार आता ओव्हरफ्लो तपासून, शिवाय सरफेसच्या एकेका बाजूला १६,३८४ ची मर्यादा.

१४ मार्च. शाखा गोठवली

यापुढे फक्त क्रॅश आणि सुरक्षेचे पॅच. अनेक मॉनिटरचा पॅच पुढच्या आवृत्तीत: प्राथमिक मॉनिटर ०,० वर असायला हवा, त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरला ऋण निर्देशांक येतात, आणि माउसच्या इव्हेंटमधले निर्देशांक मात्र बिनचिन्हाचे १६ बिटचे. रूपांतर कुठल्या थरात करायचे यावर दोन पॅच समोरासमोर आहेत. इनपुटच्या थरात करावे हे बरे, कारण तिथे मॉनिटरची मांडणी आधीच हाती असते. पण रिसाइझ चालू असताना मांडणी बदलली तर जुन्या निर्देशांकांचे इव्हेंट रांगेत उरतात. त्याची टेस्ट लिहून झाली की दोन्हीतला एक घ्यायचा.